पुलाचा खांब आणि दर्भाचा कावळा

मु. कातळपाडा, ता. खालापूर, जि. कुलाबा
रविवार, ता. १२ मार्च १९७८

आज गिरणी बंद. सकाळी गोठा काढला, म्हशीला नदीवर नेऊन आणलं, दोन धोतरं धुतली. दुपारी भाकरी आणि कालची आमटी. ऊन उतरलं तसा हे पत्र लिहायला बसलो.

तीर्थरूप हिरामणदादांच्या पायांशी येसाजीचा नमस्कार. तुमची प्रकृती ठीक असावी. माथेरानच्या इंजिनाचा धूर खाऊन दादाचा खोकला वाढतो, असं चंद्रा दर थंडीत म्हणायची. ते म्हणायला आता ती नाही, म्हणून मी लिहून कळवतो. वहिनींनाही नमस्कार. त्यांनी पाठवलेले पोह्याचे पापड पोचले. (एसटीच्या कंडक्टरने पिशवी बाकाखाली ठेवली होती, त्यामुळे त्यांचा चुरा झाला आहे, पण चव आहे.) मी बरा आहे. गुडघा आहे तसाच आहे. म्हैस दूध देते. घरात माणूस म्हणून मीच, त्यामुळे इतर कोणाची खुशाली कळवायची राहत नाही.

पत्रास कारण तुमचे चिरंजीव. चि. कमलाकर माझ्याकडे राहून गेला हे तुम्हाला कळलं असेलच. तो तुम्ही पाठवलात म्हणून आला की आपण होऊन आला, हे मात्र मला अजून उमगलेलं नाही. तो मुंबईत एवढं मोठं शिकतो, पाहुणा म्हणून आला, आत्याच्या माघारी आला, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण आल्या आल्या, पायातला बूटही न काढता, तो काय म्हणाला ते ऐका. म्हणाला, “अप्पा, मला तुमचा पूल बघायचाय.” दादा, आमचा पूल बांधून झाल्यापासून तो बघायला म्हणून कोणी आलेलं नाही. ज्या कंत्राटदाराने बांधला तोसुद्धा पुन्हा फिरकला नाही, आणि त्याला तर बघण्यासारखं बरंच होतं. कॉलेजात गेल्यापासून कमळ्याला आंब्यांच्या दिवसांतही इकडे यायला सवड होत नव्हती. चंद्रा दरवर्षी फणस झाडावर राखून ठेवायची आणि शेवटी तो फणस शेजारच्या गौराबाईच्या घरी जायचा. तो मुलगा आत्या गेल्यावर चौथ्या महिन्यात येतो आणि पूल बघायचा म्हणतो. त्यातही पुलाचा कुठला भाग, तर कातळाजवळचा दुसरा खांब. म्हणजे ज्याच्या समोर आपण दहाव्याला बसलो होतो, तो.

त्या दिवसाचं थोडं लिहितो. तुम्ही तिथे होतात, तरी लिहितो, कारण तुम्ही पाहिलंत ते आणि मी पाहिलं ते एकच होतं का, याची मला खात्री नाही. पिंड कातळावर मांडून आपण मागे सरलो. इथले कावळे एरवी इतके निर्लज्ज आहेत की वाळत घातलेली सुकट राखणाऱ्याच्या डोळ्यांदेखत नेतात. त्या दिवशी एकच आला, पुलाच्या कठड्यावर बसला, आणि खोपोलीच्या दिशेने बघत राहिला. गुरुजी म्हणाले, बाईची काही इच्छा राहिली असेल तर बोला. तुम्ही हात जोडून म्हणालात, “चंद्रे, घराची काळजी करू नको.” वहिनी म्हणाल्या, दरसाल तिच्या नावाने सवाष्ण जेवू घालू. कावळा हलला नाही. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, म्हशीला विकणार नाही, तुळशीला पाणी घालीन, कवलं पावसाआधी चाळून घेईन. (मला त्या वेळी एवढंच सुचलं. मी बोलण्यातला माणूस नाही.) कावळ्याने मान वळवली ती दुसऱ्या बाजूला. शेवटी उन्हं डोक्यावर आली, लोकांची पोटं बोलू लागली, तेव्हा गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला शिववला. पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. पिंडासकट पत्रावळ पाण्यात सोडली, तर ती वाहून जायची सोडून त्या दुसऱ्या खांबाच्या मागे गेली आणि तिथेच गोल गोल फिरत राहिली. आपण निघालो तरी फिरतच होती. गौराबाई मोठ्याने म्हणाली, “बाईचा जीव अडकलाय गं कशात तरी.” आणि दादा, तेव्हा तुम्ही माझ्याकडे जे पाहिलंत, ते मी विसरलेलो नाही.

म्हणून कमळ्याने त्याच खांबाचं नाव काढताच माझ्या मनात पाल चुकचुकली. मला वाटलं, दादांनी पोराला तपासाला पाठवलं. बहिणीचं काय राहिलं होतं आणि ते मेव्हण्याने कसं होऊ दिलं नाही, याचा तपास. मी उठून चहा केला. चहात साखर नव्हती हेसुद्धा तो बोलला नाही, त्यावरून माझा संशय पक्का झाला.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याबरोबर भातगिरणीत आला आणि पोतंभर तूस मागितलं. तूस आमच्याकडे डोंगराएवढं पडलेलं असतं, वीटभट्टीवाले नेतात, त्यामुळे नाही म्हणायचं कारण नव्हतं. मला वाटलं, मुंबईला त्याच्या संस्थेत काही प्रयोगाला हवं असेल. दुपारी गौराबाई गिरणीच्या दारात येऊन उभी राहिली.

“अप्पा, तुमचा पाव्हणा पुलावर बसलाय नि मूठ मूठ तूस पाण्यात टाकतंय. टाकतंय नि घड्याळ बघतंय. येडा हाय का मांत्रिक हाय त्यो?”

“इंजिनेर आहे,” मी म्हटलं.

“तेच तं. आमच्या कमळ्याला एवढासा असल्यापासून वळखते मी. पण इचारलं तं म्हनतो, खांबाचं पानी मोजतो. खांबाला काय पानी असतंय? तुमी जरा ध्यान ठेवा रं बाबा. हितं काय झालं त्ये त्याला ठावं नसंल तं बरं. नि ठावं हाय म्हनूनच आला आसंल तं...” एवढं बोलून ती गेली. गौराबाईची ही पद्धत आहे. बोलण्याचा शेवट ती आपल्याकडे ठेवायला देते आणि आपण तो रात्रंदिवस सांभाळायचा.

मी ध्यान ठेवलं. (ते कुठून ठेवलं, हे पुढे लिहीन.) तो खरोखर तेच करत होता. प्रवाहाच्या वरच्या अंगाला तूस टाकायचा. तूस खांबाशी येऊन दुभंगायचं, दोन्ही बाजूंनी सरकायचं, आणि खांबाच्या मागे त्याचे भोवरे व्हायचे. एक भोवरा डावीकडून सुटून जायचा, मग एक उजवीकडून, परत डावीकडून. चंद्रा आणि गौराबाई एका उखळात दोन मुसळांनी कांडायच्या, एकीचं वर तेव्हा दुसरीचं खाली, तसं. खोपोलीच्या वीजघराचं पाणी सुटलं की नदी वाढते, तेव्हा हे कांडण जलद व्हायचं आणि कमळ्या पुलावर आनंदाने मान हलवायचा. धडधाकट मुलाने आत्याचा पिंड अडकला त्या जागेकडे बघून मान हलवावी, हे मला बरं वाटलं नाही. घरी आल्यावर त्याने आमचं मुसळ मागच्या पाटात उभं केलं आणि तिथेही तूस सोडलं. मी मुसळ काढून, पुसून, जागेवर ठेवलं.

त्याच्या सामानात पुठ्ठ्याचा एक लांब खोका होता. त्यात जाड कागदाचे पत्ते, एकसारखे, शेकड्यांनी, आणि प्रत्येकाला बारीक चौकोनी भोकं. तो अंघोळीला गेला असताना मी एक पत्ता बाहेर काढून उजेडासमोर धरला. त्यातून गौराबाईचं घर दिसलं. आणखी काही कळलं नाही. तो ओल्या अंगाने येऊन म्हणाला, “अप्पा, क्रम मोडू नका हां, नाहीतर सगळी नदी उलटी वाहील.” मी पत्ता परत ठेवला, पण ज्याच्याकडे एवढी गुप्त भाषा आहे त्याच्यापुढे आपण उघड बोलायचं नाही असं ठरवलं.

आणखी एक गोष्ट नोंदवतो. पहिल्याच दिवशी जेवताना त्याने फळीवरची लोणच्याची बरणी उतरवली, फडकं सोडलं आणि वाढून घेतलं. मला विचारलं नाही. ती चंद्राने उन्हाळ्यात घातलेली शेवटची बरणी होती. ती गेल्यापासून मी तिला हात लावला नव्हता. मी बघत राहिलो. तो म्हणाला, “आत्याच्या लोणच्यात मेथी जास्त असते ना?” मी हो म्हटलं. दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या त्याने. (भाकऱ्या मी करतो. त्या गोल होत नाहीत. पण तांदूळ आपलाच आहे.)

मग एका संध्याकाळी मी सरळ विचारायचं ठरवलं. सरळ म्हणजे मी त्याला म्हटलं, “तुमचं हे काम तरी काय असतं?” तो जोत्यावर बसून काडीने धुळीत रेघा मारू लागला. म्हणाला, अप्पा, समजा ही नदी, आणि हा मधे खांब. आता या पाण्याचे बांध घालून बारीक बारीक खाचरं पाडायची, भाताची पाडतात तशी. प्रत्येक खाचरात पाणी कुठल्या दिशेला, किती वेगाने, किती दाबाने, हे शेजारच्या चार खाचरांवरून काढायचं. सगळी झाली की पुन्हा पहिल्या खाचरापासून सुरुवात, कारण तोवर शेजारी बदललेले असतात. असं हजारो वेळा. माणसाचा जन्म जाईल, म्हणून ते यंत्राकडून करून घ्यायचं. संस्थेत एक यंत्र आहे, खोलीएवढं, त्याला थंड हवेत ठेवतात, आणि हे भोकांचे पत्ते म्हणजे त्याला लिहिलेलं पत्र.

मी म्हटलं, “खाचरं म्हटली की बांधावरून भांडण आलं.”

“सगळं भांडण तेच आहे,” तो म्हणाला. “खांबाला लागून जी खाचरं आहेत ना, त्यांचंच. खांब म्हणतो थांब, बाहेरचं पाणी म्हणतं चल.”

हे मला पटलं. (खालापूरच्या कचेरीत अशी प्रकरणं पुष्कळ आहेत.) पण संशय जात नव्हता. मी विचारलं, मग यंत्रच सांगतंय सगळं, तर तू इथे कशाला आलास? तेव्हा त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, यंत्रातली नदी चालत नाही अप्पा. खांबामागे दोन भोवरे होतात, दोन्ही बाजूंना सारखे, जोखडाला जुंपलेल्या बैलांसारखे, आणि तिथेच उभे राहतात. सुटत नाहीत. कितीही वेळ चालवलं तरी सुटत नाहीत. खरी नदी तसं करत नाही, हे पुस्तकात आहे, पण मला डोळ्यांनी बघायचं होतं. त्याच्या सरांचं म्हणणं, सुरुवातीला पाण्याला एका बाजूने जरासा धक्का दे, मग ते आपोआप सुटेल. खऱ्या नदीत वारा असतो, म्हैस असते, काही ना काही ढवळत असतं. यंत्रातलं पाणी फारच सरळ, त्याला कोणी ढवळायला नाही. पण आपल्या हाताने धक्का द्यायचा ही कमळ्याला लबाडी वाटत होती. तो म्हणाला, “पाण्याने स्वतःहून करायला हवं. मी ढकललं तर मग ते खरं कसं?” आणि यापायी त्याचं वर्ष वाया जायची वेळ आली आहे, ही गोष्ट त्याने तुम्हाला सांगितलेली नाही. ती मी सांगितली असं त्याला कळू देऊ नका.

मला तेव्हा त्याची परीक्षा घ्यायची बुद्धी झाली. दहाव्याला त्याचा पेपर होता, तेराव्याला तो उभ्या उभ्या येऊन गेला होता. तुम्ही त्याला पढवून पाठवलं असेल तर दहाव्याची हकीकत सांगताना त्याच्या तोंडावर दिसेल, असा माझा डाव. म्हणून मी ती सांगितली. कातळ, कठड्यावरचा कावळा, तुमचं बोलणं, माझं बोलणं, सगळं. आजवर मी ती कोणापाशी बोललो नव्हतो. सांगताना मी त्याच्या तोंडाकडे बघायचं ठरवलं होतं, पण बघितलं म्हशीकडे.

“मग?” त्याने विचारलं.

“मग गुरुजींनी दर्भाचा केला.”

“आणि चाललं ते?”

“पुढचं सगळं झालं. थांबलेलं होतं ते पुढे सरकलं.”

तो हसायला लागला आणि माझ्याकडे बघून थांबला. त्याला काहीच माहीत नव्हतं, दादा, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो, किंवा मग तो फार पोचलेला आहे. मग म्हणाला, “अप्पा, खांबाच्या मागे पाणी उलटं वाहतं. वरच्या बाजूला. तिथे जे जातं ते काही वेळ फिरतंच. पत्रावळ असो, ओंडका असो, कोणाचाही असो. मधल्या गाळ्यात, दोन खांबांच्या बरोबर मधे, सोडली असती तर सरळ गेली असती. त्यात आत्याचं काही नाही.”

“आणि कावळा?” मी विचारलं.

“कावळ्याचं गणित माझ्याकडे नाही.”

एवढं सरळ उत्तर मला त्या दिवसांत कोणी दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने तो खोका घेऊन गेला. परवा त्याचं कार्ड आलं. लिहितो, दर्भाचा कावळा घातला, एका बाजूला, अगदी थोडा. भोवरे सुटू लागले, डावा, उजवा, डावा. सर खूश आहेत. आणि आता पाण्यात कावळ्याचा मागमूसही उरलेला नाही, कुठल्याही बाजूने ढकललं तरी शेवटी चाल तीच येते, म्हणजे ती पाण्याचीच होती, कावळ्याची नव्हे. (हे कार्ड पोस्टमनने वाचलं आहे. तो मला विचारत होता की पाहुणे याज्ञिकी शिकतात का.)

तर दादा, मला एवढंच हवं आहे की तुम्ही त्याला पाठवलं होतंत का, हे एका ओळीत कळवावं. पाठवलं असेल तर तसं लिहा, मी राग मानणार नाही. नसेल पाठवलं, तर दहाव्याला माझ्याकडे जसं पाहिलंत ते का पाहिलंत, तेही त्याच ओळीत बसलं तर बसवा. आणि पुन्हा त्याला इकडे पाठवण्याचं कारण नाही. गावात चर्चा होते, आणि तूस घरभर झालं आहे.

वहिनींना व लहानांना यथायोग्य सांगणे.

तुमचा,
येसाजी

ता. क. कमळ्याचा टॉवेल इथे राहिला. धुऊन ठेवला आहे.

ता. क. दुसरा. ध्यान कुठून ठेवलं ते लिहायचं राहिलं. पुलाच्या अलीकडे करंजाचं झाड आहे, त्याच्या मागून. शेवटच्या दिवशी मी तिथे उभा होतो. कमळ्या खाली उतरून कातळावर बसला होता, त्याच कातळावर. शेजारी फडक्यात भाकरी आणि लोणच्याची फोड, उघडी. त्याचं लक्ष घड्याळात. एक कावळा कठड्यावरून उतरला, चालत चालत आला, आणि भाकरीचा चतकोर फोडीसकट घेऊन गेला. कमळ्या “हाड” म्हणाला, मग त्याने दुसरा तुकडा मोडून तिकडे टाकला, न बघताच, आणि पुन्हा तूस सोडलं. कावळा परत आला. तोही घेऊन गेला. त्याबद्दल संध्याकाळी मी कमळ्याला एवढंच म्हणालो, की भाकरी झाकून ठेवत जावी.

ती बरणी बांधताना चंद्रा म्हणाली होती, ही कमळ्या आल्याशिवाय सोडायची नाही. दहाव्याला सगळे इच्छा विचारत होते तेव्हा मला हे आठवलं नाही. आठवलं असतं तरी पिंडासमोर उभं राहून लोणच्याबद्दल कोण बोलतं?

तेव्हा एक काम करा. तुमच्या नेरळच्या गुरुजींना, माझं नाव न सांगता, असं विचारा, की दहाव्याला कावळा नाही शिवला, आणि चार महिन्यांनी त्याच जागी दुसऱ्याच्या भाकरीला आपण होऊन शिवला, तर तो स्पर्श धरतात का. आमच्या गुरुजींना मी विचारू शकत नाही, गौराबाईला कळेल. उत्तर कार्डावर नको, बंद पाकिटात पाठवा.

ता. क. तिसरा. वर पुन्हा पाठवू नका असं लिहिलं आहे ते खोडायचं होतं, पण पत्र घाण दिसेल म्हणून तसंच ठेवलं. वर्षश्राद्धाला त्याला आठवडाभर आधी पाठवा. मधला गाळा कुठला ते त्याने उभं राहून दाखवलेलं बरं. बरणीत अजून निम्मं आहे.

दिवेलागणीला अजून वेळ आहे. दुपारची एक भाकरी उरली होती. तिच्यावर फोड ठेवून ती अंगणात जोत्यावर ठेवली आहे. झाकली नाही. आता भांडी घासायला बसतो.